चमत्कार नव्हे, उतार!

आमच्या धंद्यात आधी वार पाठ करायचे, सनावळ्या नंतर. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. पुण्या-मुंबईची पार्टी नेमकी सोमवारी सकाळी ‘आधी अजिंठाच’ म्हणून हटून बसते. तेव्हा रुसवा न होऊ देता गाडी वेरूळच्या रस्त्याला लावणं ज्याला जमलं, तो छत्रपती संभाजीनगरात गाइड म्हणून टिकला.

दुसरा धडा उशिरा कळतो. पाहुण्यांना राजांच्या वंशावळीत फारसा रस नसतो. त्यांचा प्रश्न एकच असतो, “पण हे केलं कसं?” आणि उत्तरही ते घरूनच घेऊन आलेले असतात. कुणाकडे भुयार असतं, कुणाकडे शाप, आणि हल्ली मोबाइलवर काहीबाही बघून आलेल्यांकडे थेट परग्रहावरचे लोक असतात. खरं उत्तर बहुधा साधं असतं, आणि साध्या उत्तराला बक्षिसी कमी, असा आमच्यातल्या जुन्या मंडळींचा अनुभव. त्यामुळे चमत्कार विकणारे इथे पुष्कळ आहेत.

मला पडद्यामागची युक्ती सांगायला जास्त आवडतं. या परिसरातल्या बहुतेक युक्त्यांचं मूळ एकच आहे. इथल्या कारागिरांनी काम सुरू करण्याआधी पाहिलं, की जागेवर फुकट काय पडलंय. उतार, अंधार, डोंगराचं वजन, बांधावरचं झुडूप. ते आधी कामाला लावलं, आणि जिथे त्याचं चालेना तिथेच घाम गाळला.

“काका, वायर कुठून आणलीय?”

पाणचक्कीत शाळेची सहल आली की एक तरी पोरगं रांग सोडून मागच्या बाजूला पसार होतं. ते मोटार शोधत असतं. बीडकडच्या एका शाळेतला मुलगा कठड्यावरून बराच वेळ वाकून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, “काका, बाकीचं राहू द्या, वायर कुठून आणलीय तेवढं सांगा.”

वायर नाहीच. जात्याच्या दगडी तळ्यांखाली, जमिनीच्या पोटात, पात्यांचं एक चाक आहे. उंचावरून आलेलं पाणी त्या पात्यांवर आदळतं, चाक फिरतं आणि चाकाचा आस वरच्या तळीला आपल्याबरोबर फिरवतो. बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा सगळा परिसर उभा राहिला. इथे उतरणारे फकीर, यात्रेकरू आणि मदरशातले विद्यार्थी यांच्यासाठीचं पीठ याच चक्कीवर निघायचं. दळणाऱ्या माणसाची मजुरी नाही, बैलाची वैरण नाही.

पण खरं कोडं चक्कीचं नाहीच, पाण्याचं आहे. हौदाशेजारच्या उंच भिंतीवरून पाणी धो धो पडताना दिसतं. खाम नदी तर शेजारीच, पण खाली. मग हे पाणी भिंतीवर चढलं कसं?

हा प्रश्न मी एकदा बांधकामावरच्या मंडळींच्या एका ग्रुपसमोर टाकला. मी तोंड उघडायच्या आत त्यांच्यातल्या एका गवंड्याने उत्तर देऊन टाकलं, “ही तर आमची लेव्हलची नळी झाली की!” भिंतीची पातळी धरायला गवंडी लांब पारदर्शक नळीत पाणी भरतात. नळी मध्ये कितीही लोंबू द्या, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभं राहतं. पाणचक्कीची नहर म्हणजे हीच नळी, फक्त काही मैल लांबीची. उत्तरेकडच्या डोंगरात तिचा उगम पाणचक्कीहून उंचावर आहे. तिथून खापराच्या बंद नळ्यांतून पाणी जमिनीखालून येतं. वाटेत ते खोलात उतरतं, पण नळी बंद असल्याने शेवटच्या टोकाला पुन्हा उगमाच्या पातळीकडे चढू पाहतं. त्या चढलेल्या पाण्याला भिंतीवरून खाली सोडलं, की झाला धबधबा.

पुस्तकात हे इतकं सोपं दिसतं. प्रत्यक्षात लांब बंद नळीचे दोन वैरी असतात. एक म्हणजे हवा. नळी जिथे उंचवट्यावरून जाते तिथे हवेचा फुगा अडकतो आणि प्रवाह घुसमटतो. दुसरा म्हणजे दाब. खापराची नळी लोखंडाची नव्हे, दाब वाढला की तडकते. त्यावरचा तोडगा आमच्या जुन्या वस्त्यांत अजून कुठे कुठे उभा आहे. दगड-विटांचे, चुन्यात बांधलेले उंच खांब. लोक त्यांना बंबे म्हणतात. नळीतलं पाणी खांबात वर चढतं, माथ्यावर मोकळं होतं आणि दुसऱ्या नळीने पुन्हा खाली उतरून पुढे जातं. तेवढ्यात अडकलेली हवा निसटते, जादा दाब उतरतो आणि गाळालाही खाली बसायला उसंत मिळते. रस्त्याकडेचा असा बंबा पाहून पाहुणे विचारतात, “हा मिनार कुणाचा?” हवेचा, असं मी सांगतो.

या सगळ्याची सुरुवात मलिक अंबरची. हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा पेशवा झालेला हा माणूस. १६१० मध्ये त्याने खडकी गाव राजधानी म्हणून वसवायला घेतलं. राजधानीला पाणी हवं. त्याने डोंगरातल्या ओढ्यांचं मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात झिरपू दिलं आणि उताराने गावात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. दरबारातल्या शहाण्यांनी आधी खिल्ली उडवली आणि अंबरने पंधरा महिन्यांत, अडीच लाख रुपयांत काम पुरं करून दाखवलं, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे थत्ते नहर, पळशी नहर अशा आणखी नहरी झाल्या. शहराचं नाव खडकीचं फतेहनगर झालं, फतेहनगरचं औरंगाबाद झालं, पण पाणी मलिक अंबरच्या रीतीनेच येत राहिलं.

पाणचक्कीतला शेवटचा किस्सा हौदाचा. समोरच्या मोठ्या हौदाच्या बरोबर खाली खांबांचं एक दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. वर पाणी असल्याने एप्रिल-मेच्या दुपारीही खाली गारवा राहतो. लातूरकडच्या एका आजींना तिथे बसल्या बसल्या डुलकी लागली होती. नातवाने मोठ्या उत्साहाने सांगितलं, “आजी, आपल्या डोक्यावर अख्खा हौद आहे.” आजी पिशवी उचलून तडक बाहेर. “तीनशे वर्षं गळला नाही,” असं मी समजावून सांगत होतो. त्या म्हणाल्या, “आज गळला तर?”

मलबा गेला कुठे?

वेरूळच्या कैलास लेण्यापाशी हल्ली हा प्रश्न हमखास येतो. सोळा नंबरचं हे लेणं राष्ट्रकूटांचं. त्याचं श्रेय मुख्यतः पहिल्या कृष्ण राजाला, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धाला दिलं जातं. इथून कोरून काढलेल्या दगडाचा अंदाज दीड-दोन लाख टनांच्या घरात सांगतात. एवढा आकडा ऐकला की माणसं आकाशाकडे बघायला लागतात.

तेव्हा मी खिशातला पेन काढतो. समजा, दोन लाख टन दगड. समजा, वीस वर्षं काम चाललं, वर्षाला तीनशे दिवस. म्हणजे सहा हजार दिवस. भागाकार केला की दिवसाला तेहतीस टन येतात. आजच्या हिशेबात दोन हायवा भरतील एवढा माल. दोनशे पाथरवट कामाला असतील तर माणशी दिवसाला दीडशे-पावणेदोनशे किलो. वीस वर्षं हा आकडा माझा मानीव आहे. तुम्ही चाळीस धरा, काम आणखी हलकं होईल. बेसाल्ट कठीण खरा, पण इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच खडकात लेणी कोरत आले होते. खडक कुठे फुटतो आणि कुठे हट्ट करतो, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं.

खरी अक्कल पुढे आहे. देऊळ बांधायचं म्हणजे दगड खाणीतून आणा, घडवा, वर चढवा, आणि वर चढवण्यासाठी परांच्या बांधा. कैलास वरून खाली कोरला. डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी खोल चर खणले, मध्ये एक प्रचंड ठोकळा मोकळा केला आणि शिखरापासून कोरायला सुरुवात केली. कारागीर उभा कुठे राहणार? अजून न कोरलेल्या दगडावर. काम खाली सरकेल तसतशी त्याच्या पायाखालची जमीनही खाली सरकते. परांची लागतच नाही. एकही दगड वर चढवायचा नाही, सगळा खालीच लोटायचा. जो डोंगर अडचण वाटावा, त्यालाच त्यांनी मंदिर, पाया आणि परांची अशा तिन्ही कामांना जुंपलं.

या युक्तीची किंमत एकच होती. बांधकामात चुकलेला दगड काढून दुसरा बसवता येतो. इथे हत्तीची सोंड चुकून तुटली तर नवी सोंड कुठून आणणार? म्हणजे वरच्या शिखराला पहिली छिन्नी लागण्याआधीच तळाशी हत्ती कुठे उभे राहणार, हे कुणाच्या तरी डोक्यात पक्कं असलं पाहिजे.

याची लोककथाही फक्कड आहे. राजा आजारी पडला. राणीने नवस केला, की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. कारागिरांनी हिशेब सांगितला तो काही वर्षांचा. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे आला आणि म्हणाला, मी आठवड्यात शिखर दाखवतो. त्याने वरूनच कोरायला घेतलं! कथा कथेच्या जागी. पण ज्याने रचली, त्याला कामाची पद्धत बरोब्बर कळली होती. आणि खुद्द राष्ट्रकूटांच्या बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकातल्या ताम्रपटात या देवळाचं वर्णन करताना म्हटलंय, की करणारा कारागीरच थक्क झाला, हे आपल्या हातून झालं कसं!

मोबाइल बंद करा

दौलताबादच्या किल्ल्यात अंधेरी येते तिथे मी सगळ्यांना मोबाइल बंद करायला लावतो. पूर्वी तिथे मशाल पेटवून नेणारे असत, आता सगळ्यांच्या खिशात बॅटरी. पण उजेडात अंधेरी कळतच नाही. ती डोंगराच्या पोटातून वर जाणारी नागमोडी, पायऱ्यांची वाट. पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या. वाटेत असं एखादं भगदाड, की उजेडाच्या आशेने तिकडे धावणारा थेट खंदकाच्या दिशेने जावा. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर निखारे पेटवून धूर आणि धग आत सोडण्याची सोय.

यातलं सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे अंधार. भर उन्हातून अंधारात आलेल्या डोळ्याला पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. बाहेरून मुसंडी मारून आलेल्या शिपायाकडे तेवढा वेळ नसतो. आत दबा धरून बसलेल्याचे डोळे मात्र केव्हाच सरावलेले असतात. एकाच जागी उभी असलेली दोन माणसं, त्यातल्या एकाला दिसतंय आणि दुसऱ्याला नाही. हे करायला ना बारूद लागली, ना फौज वाढवावी लागली.

मोबाइल बंद केल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात ग्रुपमध्ये हसणं-खिदळणं चालतं. मग वटवाघळांची फडफड ऐकू येते आणि सगळे गप्प होतात. नाशिकचे एक रिटायर्ड सुभेदार तेवढ्यात हळूच म्हणाले, “इथं मी दोन जवान ठेवले असते, बास.”

इतकं असूनही किल्ला पडला तो पोटापायी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीला, म्हणजे याच किल्ल्याला, वेढा दिला, तेव्हा घाईघाईत वर नेलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं जुन्या तवारिखांत लिहिलंय. खरं-खोटं काही असो, रामचंद्रदेव यादवांना तह करावा लागला. १६३३ मध्ये शाहजहानच्या फौजेनेही तो अनेक महिन्यांच्या वेढ्यानंतरच घेतला. कोठाराची चूक अंधाराने झाकता येत नाही.

सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे

बीबी-का-मकबऱ्यावर आलं की पाहुणे लगेच तोंड वाकडं करतात. “ताजची नक्कल.” औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिची ही कबर सतराव्या शतकाच्या मध्यात उभी राहिली आणि तिचा खर्च वरच्या आकड्याइतका नोंदलेला आहे. सात आण्यांसकट! ताजमहालावर झालेल्या खर्चापुढे हा चिल्लरखुर्दा. दारावरच्या लेखात अताउल्ला हा स्थपती आणि हंसपतराय हा अभियंता अशी नावं आहेत. अताउल्ला हा ताजशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहौरीचा मुलगा, म्हणजे नक्कल म्हणायची तर घरच्या घरात.

संगमरवर राजस्थानातून बैलगाड्यांनी यायचा. ताव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशाने संगमरवर लादलेल्या तीनशे गाड्यांचा तांडा वाटेत पाहिला होता आणि त्यातल्या सगळ्यात लहान गाडीला बारा बैल होते, असं त्याने लिहून ठेवलंय. एवढा खर्च सगळ्या इमारतीला परवडणारा नव्हता. म्हणून खाली माणसाचा हात पोचेल तिथे संगमरवर लावला, वरचा घुमटही संगमरवराचा केला आणि मधला भाग इथल्याच काळ्या दगडाचा बांधून त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा चढवला.

इथे एका रसायनशास्त्राच्या मॅडमनी माझीच शिकवणी घेतली. मी ‘खाली अस्सल, वर नकली’ असं काहीतरी बोलून गेलो. त्या म्हणाल्या, “नकली कसं? दोन्ही एकच.” चुनखडी भट्टीत भाजली की चुना होतो. तो पाण्यात विरवून भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत पुन्हा दगड बनतो. शेवटी उरतं ते कॅल्शियम कार्बोनेट. संगमरवरही तेच. फरक इतकाच, की एक जमिनीच्या पोटात दाबाखाली घडला आणि दुसरा करणीने लावून, घोटून घोटून भिंतीवर घडवला. हवेकडून काम करून घेतलं, तेही फुकट. तेव्हापासून मी ‘नकली’ म्हणत नाही.

भिंतीतली भांग

चित्रांच्या गिलाव्याची गोष्टही अशीच. अजिंठ्याला दगडावर माती, तूस, गवताचे धागे यांचा लेप दिला आणि त्यावर चुन्याचा पातळ हात मारून चित्रं काढली. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली निघाली. पुरातत्त्व खात्याचे माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि आमच्या विद्यापीठातले तेव्हाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं, की त्यात भांगेच्या झाडाचे धागे आहेत. भांगेमुळे गिलाव्यातली ओल आटोक्यात राहते आणि किडे त्याच्या वाटेला जात नाहीत. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथे किड्यांनी चित्रांचं बरंच नुकसान केलंय.

हे सांगितलं की कॉलेजच्या ग्रुपमध्ये एकच हशा पिकतो. “म्हणूनच वेरूळची मूर्ती इतकी शांत!” अशी कोटी मी इतक्यांदा ऐकलीय, की आता मीच आधी करून टाकतो.

उलट उदाहरणही जवळच आहे. हैदराबादच्या निजामाने १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याची चित्रं सांभाळायला बोलावलं. सुटणारे पोपडे त्यांनी जागच्या जागी बसवले, त्याबद्दल त्यांचे उपकारच. पण वरून दिलेलं शेलॅकचं व्हार्निश पुढे पिवळं पडत गेलं आणि नंतरच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षं ते उतरवण्यात गेली. बाहेरून आणलेली चकाकी टिकली नाही, बांधावरचं झुडूप टिकलं.

१५२२ फूट

शेवटचा किस्सा मी तिकिटाच्या साइटवर सांगत नाही, गाडीत सांगतो. पैठणहून परतताना, जायकवाडी पाहून झाल्यावर.

जायकवाडीचा नाथसागर म्हणजे आमचा अभिमान. दहा किलोमीटरहून लांब मातीचं धरण, २७ दरवाजे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. पूर्ण भरलं की पाण्याची पातळी १५२२ फूट, हा आकडा इथे शाळकरी मुलालाही पाठ असतो. पावसाळ्यात पेपरात रोज तोच येतो.

एकदा गाडीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर होते. ते म्हणाले, “आता दुसरा आकडा सांगा. तुमचं शहर किती उंचीवर?” समुद्रसपाटीपासून साधारण ५६८ मीटर, म्हणजे १८६० फुटांच्या वर. त्यांनी वजाबाकी करायला लावली. धरण काठोकाठ भरलेलं असतानासुद्धा शहर त्याच्या सुमारे ३४० फूट वर.

म्हणजे शहर जायकवाडीतून पितं तो प्रत्येक थेंब आधी डोंगराएवढा चढवावा लागतो. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर न्यायला पाव युनिटाहून जास्त वीज लागते. हा नुसता चढावाचा हिशेब, नळातलं घर्षण आणि पंपाचं नुकसान वेगळं. दिवसाला दहा कोटी लिटर उचललं तर २७ हजार युनिट फक्त उंचीपायी गेले. वीज गेली, पंप बसला, जलवाहिनी फुटली, की पाण्याचा दिवस पुढे ढकलला जातो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, कित्येक दिवसांआड येतं, आणि ते कधी येणार यावर लग्नाच्या तारखासुद्धा जुळवल्या जातात.

नहरींनी आजची तहान भागणार नाही, हे कुणीही सांगेल. २०११च्या जनगणनेतच शहर पावणेबारा लाखांवर होतं, खडकी हे एवढंसं गाव होतं. शिवाय कित्येक ठिकाणी नहरी इमारतींच्या पायाखाली आणि बोअरच्या घावाखाली गेल्या. तरीही पाऊसकाळ बरा झाला की पाणचक्कीच्या भिंतीवरून आजही पाणी पडतं, त्याचं बिल कुणाला येत नाही. निदान बागा, धुणी-भांडी आणि बांधकामांपुरतं असलं पाणी वापरता यावं म्हणून उरलेल्या नहरी साफ ठेवायला फार मोठा निधी लागू नये.

उतरताना इंजिनिअरसाहेब म्हणाले, “गोदावरी मलिक अंबरच्या काळीही पैठणला वाहतच होती. आजच्यापेक्षा भरून. तरी तो तिकडे गेला नाही. पाणी जास्त कुठे आहे, हे त्याने पाहिलंच नाही. गावाच्या वर कुठे आहे, एवढंच पाहिलं.”